रॅली कुणासाठी आखायची?

फेब्रुवारी 2024 मध्ये स्वीडनमधल्या उमिओ शहराभोवतीच्या बर्फाळ जंगलांत एसापेक्का लाप्पीनं जागतिक रॅली अजिंक्यपदाची एक फेरी जिंकली. 2017 साली फिनलंडमध्ये जिंकल्यानंतर हा त्याचा पहिलाच विजय. मधल्या वर्षांत तो संघामागून संघ बदलत राहिला होता. विजेत्याच्या व्यासपीठावर तो उभा राहिला आणि गुणतक्त्यात त्याच्या नावापुढे 19 गुण पडले. दुसऱ्या आलेल्या एल्फिन एव्हान्सला मिळाले 24.

बेरीज चुकली नव्हती. त्या वर्षापासून गुण तीन हप्त्यांत वाटायचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी जो आघाडीवर असेल त्याला 18, तेही रविवारी गाडी शेवटपर्यंत पोचली तरच. रविवारच्या दिवसात सर्वांत वेगवान ठरेल त्याला वेगळे 7. शेवटच्या ‘पॉवर स्टेज’चे आणखी 5. लाप्पीनं शनिवारपर्यंत कमावलेली आघाडी रविवारी जपून सांभाळली. कुठल्याही शहाण्या ड्रायव्हरनं हेच केलं असतं. नव्या नियमानं त्याला नेमका त्या शहाणपणाचा दंड केला.

हा नियम आणण्यामागची अडचण मात्र खरी होती. रविवारी क्रम जवळपास ठरलेले असत, मग ड्रायव्हर पॉवर स्टेजसाठी टायर राखत संथ जात आणि ज्या दिवशी लोक घरी बसून बघणार त्याच दिवशी बघण्यासारखं काही उरत नसे. पण ‘प्रेक्षकांसाठी’ केलेल्या या बदलानंतर कोण जिंकलं हे सांगायलाच दोन परिच्छेद लागू लागले. पुढच्या वर्षी आयोजकांनी माघार घेतली. 2025 पासून रॅली जिंकणाऱ्याला सरळ 25 गुण, रविवारचे जास्तीत जास्त 5 आणि पॉवर स्टेजचे 5 असा हिशेब झाला.

हे पुस्तक रॅलीच्या रचनेबद्दल आहे. गाड्या, इंजिनं, ड्रायव्हरांची चरित्रं त्यात येतील, पण ओघात. मुख्य प्रश्न असा, की शंभरहून अधिक वर्षं चालत आलेला हा खेळ आजच्या प्रेक्षकासाठी आखायचा तर तो कसा आखावा? किती दिवस, किती किलोमीटर, कुठल्या रस्त्यांवर, आणि निकाल कसा लावायचा? गेली तीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर दिलं गेलं: लहान करा, एका गावाभोवती गोळा करा, शेवट रंगतदार करा. ते उत्तर दिलं गेलं तेव्हा त्याला कारण होतं. आज ते कारण बरंचसं उरलेलं नाही, हे मला या पुस्तकात दाखवायचं आहे.

रॅलीशी ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. इथं गाड्या एकमेकींच्या शेजारून धावत नाहीत. एकामागून एक, काही मिनिटांच्या अंतरानं सुटतात आणि बंद केलेल्या रस्त्यावरच्या प्रत्येक तुकड्यात, म्हणजे स्पेशल स्टेजमध्ये, घड्याळाविरुद्ध पळतात. सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. दोन स्टेजच्या मधला प्रवास साध्या, वाहत्या रस्त्यावरून होतो. गाडीला नंबरप्लेट असते, सिग्नलला थांबावं लागतं, वेगमर्यादा पाळावी लागते. त्या प्रवासालाही वेळ ठरवून दिलेली असते. टाइम कंट्रोलवर एक मिनिट उशिरा पोचलात तर दहा सेकंदांचा दंड आणि एक मिनिट लवकर पोचलात तर पूर्ण एका मिनिटाचा. घाईचा खेळ समजला जाणारा हा प्रकार घाईला उशिरापेक्षा सहापट मोठी शिक्षा करतो, याची मला अजूनही गंमत वाटते. शेजारी बसलेला नेव्हिगेटर हा सगळा हिशेब ठेवतो आणि वर वळणामागून वळण वाचून दाखवतो. रॅली निम्मी त्याची असते.

असा खेळ बघायचा कसा, हा प्रश्न पहिल्यापासून होता. 1911 साली माँटे कार्लो रॅली सुरू झाली तेव्हा स्पर्धक युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघून हिवाळ्यातल्या रस्त्यांनी मोनाकोला पोचत. बघणाऱ्याला दिसे ते गावातून जाणाऱ्या चिखलानं माखलेल्या गाडीचं ओझरतं दर्शन. बाकी सगळं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. आपल्याकडे वारीच्या वाटेवरची गावं पालखीची जशी वाट बघतात तसंच हे होतं. तासन्‌तास थांबायचं, पालखी पुढे जायची, आणि तरीही तो दिवस गावाच्या लक्षात राहायचा. वारीत रिंगणही असतं. ठरलेल्या माळावर हजारो लोक एकत्र उभे राहून घोड्याची दौड बघतात. रॅलीतली स्टेडियममधली किंवा शहरातली सुपर स्पेशल स्टेज म्हणजे हेच रिंगण. फिनलंडमध्ये युवास्किला शहरातल्या हार्जू स्टेजला गर्दी लोटते आणि ते योग्यच आहे. अडचण येते ती आयोजकांना सगळी वारीच रिंगणात बसवावीशी वाटते तेव्हा.

लांब रॅलीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पूर्व आफ्रिकेची सफारी. 1953 मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त केनिया, युगांडा आणि टांगानिका या तीन प्रदेशांतून ती सुरू झाली. ईस्टरच्या सुट्टीत ती होई, आणि ऐन भरात असताना तिची लांबी पाच हजार किलोमीटरच्या वर जाई. रस्ते बंद केलेले नसत. समोरून बस येई, गाईगुरं येत, रात्री जिराफ आडवा येई. पाऊस झाला तर काळ्या मातीचा चिखल, नाही झाला तर पिठासारखी धूळ. 1963 साली 84 गाड्या निघाल्या आणि 7 पोचल्या. 1968 मध्ये 93 निघाल्या आणि पुन्हा 7 च पोचल्या.

या रॅलीशी आपलं नातं जुनं आहे. तिथं गेलेल्या भारतीयांच्या पुढच्या पिढ्यांनी ती नुसती बघितली नाही, जिंकली. जोगिंदर सिंग यांनी 1965 मध्ये आपला भाऊ जसवंत याला शेजारी बसवून व्होल्व्होमधून पहिली सफारी जिंकली, नंतर 1974 आणि 1976 मध्ये मित्सुबिशी लॅन्सरमधून आणखी दोन. शेखर मेहता यांनी तर ती पाच वेळा जिंकली: 1973 मध्ये, आणि मग 1979 पासून 1982 पर्यंत सलग चार वर्षं. 1973 चा विजय या पुस्तकाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. हजारो किलोमीटरनंतर मेहता आणि स्वीडनचा हॅरी केलस्ट्रॉम यांचे दंडगुण सारखेच भरले आणि बरोबरी फोडण्याचा नियम काढून मेहतांना विजयी ठरवावं लागलं. पाच हजार किलोमीटर पळूनही शर्यत बरोबरीत सुटू शकते. लांबी म्हणजे कंटाळा, असं म्हणणाऱ्यांसाठी हे एवढं पुरे. मेहता पुढे जागतिक मोटार महासंघाच्या रॅली आयोगाचे अध्यक्षही झाले. त्यांच्या त्या खुर्चीतल्या काळातच, 2002 नंतर, सफारी जागतिक अजिंक्यपदातून बाहेर पडली.

सफारी बाहेर पडली यात नवल नव्हतं. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून जागतिक रॅलीला एक ठरलेला साचा आला होता. मध्यभागी एक सर्व्हिस पार्क, म्हणजे गाड्या दुरुस्त करण्याचा तळ, त्याच्याभोवती पाकळ्यांसारखे मार्ग, सकाळी ज्या स्टेज पळायच्या त्याच दुपारी पुन्हा. गुरुवारी सुरुवात, रविवारी दुपारी समारोप, एकूण स्टेज साधारण तीनशे-साडेतीनशे किलोमीटर. यामागे पैशाचा आणि सुरक्षिततेचा विचार होता आणि तो मला मान्य आहे. जुन्या पद्धतीत संघाच्या मदतगाड्या वाहत्या रस्त्यांवरून, स्पर्धकांच्या मागे जिवाच्या आकांतानं पळत, आणि लोक त्यांनाच जास्त भीत. पण मुख्य दबाव होता टीव्हीचा. 2000 साली डेव्हिड रिचर्ड्स यांच्या कंपनीनं स्पर्धेचे व्यावसायिक हक्क घेतले तेव्हा घरातल्या प्रेक्षकापर्यंत रॅली पोचायची ती संपादित झलक म्हणून. कॅमेरे थोडे, जंगलं मोठी. स्टेज जितक्या जवळ आणि जितक्या वेळा तितकं चित्रण स्वस्त. पाच हजार किलोमीटरची आफ्रिका त्या चौकटीत मावणारी नव्हती.

2018 पासून जागतिक अजिंक्यपदाची प्रत्येक स्टेज इंटरनेटवरून थेट दिसू लागली. आकाशात फिरणारं विमान गाड्यांतल्या कॅमेऱ्यांचे संदेश खाली पाठवतं, हेलिकॉप्टर वरून टिपतं, आणि पुण्यात बसलेला माणूस केनियातल्या गाडीच्या काचेतून रस्ता बघतो. इतिहासात पहिल्यांदाच अख्खी रॅली बघता येणं शक्य झालं. आणि नेमकी तेव्हा ती बघायला थोडीच उरली होती.

आजच्या प्रेक्षकाला धीर नाही, असं सगळेच म्हणतात. ते अर्धं खरं आहे. तो दोन तास सलग बसत नाही, पण तीन दिवस एखाद्या गोष्टीचा माग ठेवतो. मोबाइलवर दहा मिनिटं बघतो, कामाला लागतो, संध्याकाळी परत डोकावतो. रॅली या सवयीला सर्किटवरच्या शर्यतीपेक्षा जास्त जुळते. एक स्टेज म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचं पूर्ण प्रकरण, सुरुवात, शेवट आणि निकालासकट. मग खंड. त्या खंडात ड्रायव्हर आणि नेव्हिगेटर रस्त्याच्या कडेला स्वतःच्या हातांनी, गाडीत असेल तेवढ्याच सामानावर, वाकलेला सांधा ठोकून सरळ करत असतात. ते दाखवायला कुणाला फारसं सुचत नाही. तेवढ्यात जाहिरात लागते.

माझ्या म्हणण्याला छेद देणारा पुरावा लपवणं बरोबर नाही, म्हणून तोही इथंच मांडतो. जागतिक अजिंक्यपदाच्या इतिहासातले सर्वांत चुरशीचे दोन शेवट, दोन्ही 0.2 सेकंदांचे, छोट्या रॅलींत झाले. 2011 मध्ये जॉर्डनला संघांचं सामान घेऊन येणाऱ्या बोटीला उशीर झाला, पहिला दिवस रद्द करावा लागला, आणि उरलेल्या रॅलीच्या शेवटच्या स्टेजवर सेबास्टियन ओजिएनं यारी-मात्ती लात्वालाला 0.2 सेकंदांनी मागे टाकलं. 2024 मध्ये सार्डिनियाची रॅली मुद्दाम आटोपशीर, साधारण 48 तासांत बसवलेली होती. तिथं शेवटच्या स्टेजवर ओजिएचं टायर फुटलं आणि ऑट तानाक तितक्याच फरकानं जिंकला. छोटी रॅली चुरस देते, हे मान्य करायला हवं. अंतर कमी असलं की फरक वाढायला जागा राहत नाही.

म्हणून सगळ्या रॅली लांब करा, असं मी म्हणत नाही. सार्डिनियाला दोन दिवस शोभतात. तिथले रस्ते अरुंद, वळणाचे, बेट छोटं. पण तोच गज केनियाला लावला की काय होतं ते 2021 पासून दिसतं आहे. त्या वर्षी सफारी अजिंक्यपदात परतली, नैवाशाच्या सरोवराकाठी, बंद रस्त्यांवर, चार दिवसांच्या साच्यात. ओजिए जिंकला. भारतीय वंशाचा केनियन ड्रायव्हर ओंकार राय सातवा आला. माती तीच, धूळ तीच, झेब्रे पळताना दिसतात. पण रात्र नाही, तीन देश नाहीत, आणि पोचणं हीच मोठी गोष्ट होती तो भाव तर नाहीच. महासंघानंही फेब्रुवारी 2024 मध्ये मार्गांच्या आखणीत लवचिकता आणण्याचं बोलून दाखवलं: काही रॅली छोट्या, काही लांब. सार्डिनियानं छोटी करून दाखवली. लांब करून दाखवण्याची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

ती हिंमत या अजिंक्यपदाबाहेरच्या डकारनं केली. 2024 च्या डकार रॅलीत सौदी अरेबियाच्या रिकाम्या वाळवंटात 48 तासांचा एकच टप्पा ठेवला गेला. दुपारी 4 वाजल्यानंतर जो पुढचा तळ लागेल तिथं थांबायचं. तंबू, साधं जेवण, मेकॅनिक नाहीत, प्रतिस्पर्धी कुठं आहेत याची खबर नाही. सकाळी उठून पुढे. वेगवेगळ्या तळांवर विखुरलेले दिग्गज शेकोटीपाशी बसून आपण आघाडीवर आहोत की पिछाडीवर याचा अंदाज बांधताहेत, हे चित्रच इतकं बोलकं होतं की त्याला वेगळ्या गुणांची गरज पडली नाही. डकारनं अडचण वाढवली आणि गोष्ट आपोआप आली.

पुस्तकातलं एक प्रकरण प्रेक्षकाला खेळ समजावून सांगण्याबद्दल आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खडीच्या रॅलीत पहिल्या दिवशी अजिंक्यपदात आघाडीवर असलेला ड्रायव्हर सर्वांत आधी सुटतो. त्याच्या वाट्याला सुटी खडी येते, ती त्याच्या चाकांनी बाजूला होते आणि मागच्यांना साफ रस्ता मिळतो. म्हणजे जो सर्वांत चांगला, त्यालाच झाडूवाल्याचं काम. हे माहीत नसेल तर शुक्रवारी सकाळी आघाडीचा ड्रायव्हर सातवा का, हे कळत नाही. माहीत असेल तर त्याचं सातवं येणंही पराक्रम वाटतो. तीच गोष्ट अपघातानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरू देण्याच्या नियमाची. जुन्या रसिकांना तो पटत नाही. गाडी पडली की संपलं, असं त्यांचं म्हणणं, आणि मन माझंही तिकडेच ओढ घेतं. पण 2015 मध्ये मेक्सिकोत तानाकची फोर्ड तळ्यात पार बुडाली, ती बाहेर काढून, पाणी उपसून, मेकॅनिकांनी रात्री ठरलेल्या मोजक्या वेळात उभी केली आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पळाली. हा नियम नसता तर ही कथा घडलीच नसती.

आपल्याकडे रॅली म्हटलं की मुंबईकरांना बहुधा आठवते ती वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची महिलांची रॅली. सजवलेल्या गाड्या, सामाजिक संदेश, आणि ठरलेल्या सरासरी वेगानं ठरलेल्या वेळी पोचण्याची कसोटी. वेगाचे भक्त तिला हसतात. पण डकारची ‘क्लासिक’ शाखा, जिच्यात 2025 साली पुण्याचे संजय टकले लँड क्रूझर घेऊन उतरले, तीही वेगापेक्षा नेमकेपणाचीच परीक्षा आहे. 1980 च्या दशकात हिमालयन रॅलीमुळे परदेशी ड्रायव्हर आपल्या डोंगरांत आले होते. नंतर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या चिक्कमगळूरच्या कॉफीमळ्यांत, कोइम्बतूरला, नाशिकच्या बाजूला झाल्या, आणि गौरव गिलसारखा तीनदा आशिया-पॅसिफिक विजेता ठरलेला ड्रायव्हर देशाला मिळाला. प्रेक्षक मात्र मूठभर. इथं तर टीव्हीसाठी रॅली आखडण्याचा प्रश्नच आला नव्हता, तरी साचा तोच घेतला गेला.

लांबीला खरी मर्यादा घालणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. मार्च 1986 मध्ये पोर्तुगालच्या सिंत्राजवळ एक फोर्ड गर्दीत घुसली आणि प्रेक्षकांचे जीव गेले. कारखान्यांच्या संघांचे ड्रायव्हर स्पर्धा सोडून निघून गेले. दोनच महिन्यांनी कॉर्सिकात हेन्री तोइवोनेन आणि त्याचा नेव्हिगेटर सर्जिओ क्रेस्तो गेले, आणि त्या वर्षाअखेर ‘ग्रुप बी’ वर्गातल्या त्या अतिशक्तिशाली गाड्याच बंद झाल्या. आपल्याकडे सप्टेंबर 2019 मध्ये राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात बंद केलेल्या स्टेजवर एक मोटारसायकल आली आणि एकाच घरातल्या तिघांचा मृत्यू झाला. स्टेजवर दर काही अंतरावर, प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी, शिट्टी आणि झेंडा घेऊन माणूस, म्हणजे मार्शल, उभा असावा लागतो. तो बहुतेक वेळा बिनपगारी असतो, पहाटे तीनला उठून आलेला असतो, आणि त्याला त्या गावची भाषा बोलता यावी लागते. शंभर किलोमीटर वाढवायचे म्हणजे अशी शेकडो माणसं आणखी उभी करायची.

म्हणून शेवटच्या भागात मी ज्या रॅलीचा आराखडा मांडला आहे त्याची सुरुवात गुणांपासून होत नाही. ती मार्शलांच्या यादीपासून होते: त्यांना मानधन किती, जेवण कुठून, किती तासांची पाळी, आणि गावकऱ्यांना रस्ता बंद असल्याचं किती दिवस आधी, कुणी आणि कसं सांगायचं. रात्रीची स्टेज आहे, पण एकच. एक लांब दिवस आहे ज्यात सर्व्हिस पार्कला परत यायचं नाही, आणि एक शहरातली संध्याकाळ आहे जिथं कुणालाही फुकट येता येईल. विजेता एकच आहे आणि त्याला सर्वांत जास्त गुण आहेत. हा आराखडा केनियासाठी केला आहे. सह्याद्रीसाठी तो जसाच्या तसा चालणार नाही, कारण इथं पावसाळ्यात घाटरस्ते बंद करायला कुठलाही जिल्हाधिकारी तयार होणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतं असंही मला वाटत नाही.